घरी सोडलं, पुढं काय?

मानसिक आजारासाठी दवाखान्यात राहिलेल्या माणसाच्या जिवाला सर्वांत जास्त धोका कधी असतो, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, दाखल करायच्या आधी. माणूस रात्र रात्र जागा असतो, नाहीतर दिवस दिवस अंथरुणातून उठत नाही, घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो, ते दिवस. एकदा ॲडमिट केलं की निम्मी काळजी मिटते आणि डिस्चार्ज मिळाला की उरलेली निम्मीही, असा आपला हिशेब असतो. तो चुकीचा आहे. मनोविकार विभागातून घरी गेलेल्या रुग्णांवर जगभरात झालेल्या शंभर अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतलं आत्महत्येचं प्रमाण, वर्षाच्या हिशेबात मांडलं तर, लाखामागे ११३२ निघालं. भारताचं सर्वसाधारण प्रमाण २०२२ मध्ये लाखामागे १२.४ होतं.

ज्याच्या घरात कुणी नुकतंच दवाखान्यातून आलंय त्याच्या पोटात हे वाचून गोळा येईल, म्हणून दुसरी बाजूही लगेच मोजून टाकू. वर्षाला ११३२ म्हणजे तीन महिन्यांत साधारण २८३. लाखात २८३ म्हणजे हजारात तीनसुद्धा नाहीत. हजारातली ९९७ माणसं तो काळ पार करतात. शिवाय हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले आहेत आणि मुळात दाखल होतात ती जास्त आजारी माणसंच. तेव्हा दवाखान्यामुळं धोका वाढला, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. काढता येतो तो एवढाच, की धोका विरळ आहे, पण जो आहे तो ठरावीक दिवसांत दाटलेला आहे. ते दिवस कोणते हे आधीच माहीत असताना आपण काय करतो, हा माझा प्रश्न.

माझं म्हणणं सरळ आहे. डिस्चार्जनंतर संपर्क ठेवायची जबाबदारी दवाखान्याची आहे, रुग्णाची नाही. पहिल्या तीन दिवसांत एकदा आणि पुढचे तीन महिने ठरावीक अंतरानं दवाखान्याकडून फोन तरी गेला पाहिजे, नाहीतर माणूस तरी. ‘फॉलोअपला आलाच नाही हो’ एवढं म्हणून हात झटकणं आता थांबलं पाहिजे.

मी औषधविक्रेता आहे, मनोविकारतज्ज्ञ नाही. कोल्हापूर शहरात माझं मेडिकल आहे. पण दवाखान्यातून सुटलेला माणूस घरी जायच्या आधी आमच्यासारख्यांच्या काउंटरवर येतो. बऱ्याचदा तो गाडीत बसलेला असतो आणि कार्ड घेऊन भाऊ नाहीतर बायको येते. कार्डावर गोळ्यांची नावं, पुढं १-०-१ असे वेळांचे आकडे आणि सगळ्यांत खाली ‘पुन्हा १५ दिवसांनी’. मधुमेहाच्या कार्डावर एवढं पुरतं. इथं पुरत नाही, कारण सगळ्यांत अवघड दिवस त्या पंधरातच येऊन जातात. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात १९९६ पासून एक कायमस्वरूपी चौकशी चालू आहे. मनोविकारांवर उपचार घेणाऱ्या व्यक्तीनं आत्महत्या केली की ती शेवटची कधी भेटली होती, कुणी पाहिलं होतं, घरी जाऊन किती दिवस झाले होते, हे सगळं तिथं गोळा होतं. त्यातून दिसलं की वॉर्डातून बाहेर पडल्यानंतरचे मृत्यू पहिल्या एक-दोन आठवड्यांत एकवटलेले आहेत, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या आसपास. मग तिथं सात दिवसांत रुग्णाला गाठायचा जो दंडक होता तो ७२ तासांवर आणला गेला. आपल्या कार्डावरचे १५ दिवस कुठून आले? मला तरी वाटतं, गोळ्यांच्या पट्टीवरून.

या दिवसांत घडतं काय? वॉर्डात उठवायला, गोळी द्यायला, जेवलास का विचारायला कुणीतरी होतं. घरी आल्यावर पहिल्या दिवशी पाहुणे येतात, दुसऱ्या दिवशी शेजारी डोकावतात, तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला. शिरोलीच्या फाउंड्रीत सुपरवायझर म्हणतो, ‘अजून आठ दिवस आराम कर की.’ त्याचा अर्थ दोघांनाही कळलेला असतो. फायनान्सवाल्यांचा आठवड्याचा हप्ता आजारपण बघत नाही. बहिणीचं स्थळ परत गेलेलं कुणी त्याला सांगत नाही, पण घरातल्या गप्प बसण्यावरून ते कळतंच. गल्लीत ‘कुठं हुतास रं इतकं दिस?’ असं विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, तरी उत्तर द्यावं लागतं. ज्या अडचणीपायी तो कोसळला ती जिथल्या तिथं असते आणि आता वर ‘डोक्याच्या दवाखान्यातनं आलेला’ हा शिक्का. आजाराच्या भरात आपण काय बोललो, कुणावर हात टाकला, किती पैसे उधळले, हे बरं वाटायला लागल्यावर आठवू लागतं. स्किझोफ्रेनियात तर आपल्याला हा आजार आहे ही जाणीव परत येणंच काहींना सोसत नाही.

घरच्यांना मात्र उलटं दिसत असतं. तो शांत झालाय, दोन भाकऱ्या खातोय, ओरडत नाही. ‘आता चांगला हाय की.’ मग गोळीनं झोप फार येते, तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात, म्हणून एक गोळी अर्धी होते. पुढं कुणीतरी सांगतं की या गोळ्यांची सवय लागते, म्हणून अर्धीही बंद. ही गळती आम्हाला काउंटरवर दिसते. दुसऱ्या महिन्यात कार्डावरच्या चार औषधांपैकी दोनच मागितली जातात, तिसऱ्या महिन्यात कार्डच येत नाही.

असा एखादा मृत्यू झाला की दोन ठरलेली बोलणी ऐकू येतात. गोळ्यांनीच घात केला, हे एक. आणि डॉक्टरांनी लवकर सोडलं, हे दुसरं.

पहिल्या बोलण्यात तथ्याचा अंश आहे, तो झाकून ठेवू नये. नैराश्याची औषधं सुरू केल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत मुलांच्या आणि तरुणांच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये चोविशीपर्यंतच्या तरुणांसाठी तसा ठळक इशारा छापायला लावला. पण तो इशारा औषध देऊ नका असं म्हणत नाही. सुरुवातीच्या काळात रुग्णाकडं जवळून लक्ष ठेवा, असं म्हणतो. म्हणजे शेवटी मुद्दा संपर्काचाच. दुसऱ्या टोकाला क्लोझापिनसारखं औषध आहे, जे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत आत्महत्येची वर्तणूक कमी करतं म्हणून अमेरिकेत त्या कारणासाठीच मान्यता मिळवून आहे. मनःस्थितीतले टोकाचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमबाबतही बऱ्याच अभ्यासांत असाच फायदा दिसलाय. दोन्हींना ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं, दोन्ही आपल्या मनानं बंद करायची नसतात. हे घरी कोण बघणार? पुन्हा तोच प्रश्न.

‘लवकर सोडलं’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं बहुधा रत्नागिरीचं मनोरुग्णालय असतं. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या राज्याच्या चार जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी आपल्याला सगळ्यांत जवळचं तेच. आंबा घाट उतरायचा, माणूस पोचवायचा आणि परत यायचं. काहींना घ्यायला कुणी गेलंच नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं त्या पद्धतीला आळा घातला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवायचं तर पहिली मुदत ३० दिवसांची. ती वाढवायची तर पुन्हा वेगळी तपासणी आणि या कायद्याखाली नेमलेल्या मंडळाची मंजुरी लागते. हे योग्यच झालं. आणि समजा दोन महिने जास्त ठेवलं, तरी डिस्चार्जनंतरचा तिसरा दिवस टळत नाही, तो दोन महिने उशिरा येतो. मात्र या बोलण्यातही एक सत्य आहे. खासगी दवाखान्यातून कितीतरी जण बरं वाटलं म्हणून नव्हे, पैसे संपले म्हणून घरी जातात, ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी सही करून. दवाखान्याच्या लेखी ती सही झाली की विषय मिटला. खरं तर पहिला फोन जायला हवा तो याच माणसाला.

यावर व्यवस्थापनाची आवडती सूचना अशी असते, की सगळ्यांना कशाला, ज्यांना धोका जास्त त्यांनाच फोन करू. एक फॉर्म भरून घेऊ, गुण देऊ, लाल-पिवळा-हिरवा ठरवू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण चालत नाही. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच सांगितलं, की पुढं कोण आत्महत्या करेल याचं भाकीत करण्यासाठी अशी मोजमापं वापरू नका, आणि कमी-मध्यम-जास्त अशा गटांवरून कुणाला उपचार द्यायचे हेही ठरवू नका. मँचेस्टरच्या चौकशीतही दिसत आलंय की ज्यांचा मृत्यू झाला त्यांतल्या बहुतेकांच्या शेवटच्या भेटीत धोका कमी किंवा नाही, अशीच नोंद होती. वर हजारात तीनपेक्षा कमी हा हिशेब केला तो इथं उपयोगी पडतो. इतकी विरळ गोष्ट कुठल्याही प्रश्नावलीला आधी ओळखता येत नाही.

आपण कोल्हापूरकरांना हे खरं तर समजावून सांगायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी चढायला लागलं की चिखली-आंबेवाडीची माणसं आणि जनावरं हलवायची तयारी सुरू होते. नेमकं कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागेल याचे गुण काढत कुणी बसत नाही. डिस्चार्ज ही तशीच इशारा पातळी मानावी आणि त्या पट्ट्यात असलेल्या सगळ्यांना गाठावं. फॉर्म भरायला जो वेळ जातो तो माणसाशी बोलण्यात घालवावा.

नुसत्या बोलण्यानं काय होतं, असं विचारलं जाईल. सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञानं गेल्या शतकात एक साधा प्रयोग केला. नैराश्यामुळं किंवा आत्महत्येच्या विचारांमुळं दाखल झालेल्या आणि घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे त्यानं दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून छोटं पत्र जायचं. उपचाराला या असा आग्रह नाही, चौकशीचे प्रश्न नाहीत. कसे आहात, तुमची आठवण आहे, वाटलं तर चार ओळी लिहा, इतकंच. दुसऱ्या गटाला काही नाही. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात आत्महत्या कमी झाल्या आणि पहिल्या दोन वर्षांत तर हा फरक ठळक होता. पुढं इतरांनी पत्रं, पोस्टकार्डं, मेसेज पाठवून पाहिले. सगळ्याच प्रयोगांत इतका फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

त्याहून आपल्या जवळचा पुरावा चेन्नईचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक चाचणी घेतली. ब्राझील, श्रीलंका, इराण, चीन आणि भारत. भारतातलं केंद्र चेन्नई. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर तातडीच्या विभागात आलेल्या १८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय घरी जाताना तासभर बसवून माहिती दिली. हा ताण काय असतो, तो कसा चढतो आणि उतरतो, पुन्हा तसं वाटलं तर कुणाकडं जायचं. नंतर अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. सुरुवातीला दाट, म्हणजे पहिल्या आठवड्यात, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या, आणि मग महिन्यांच्या अंतरानं. २००८ साली निकाल आला. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत आत्महत्येनं गेले २.२ टक्के, संपर्कातल्या गटात ०.२ टक्के. माणसांत सांगायचं तर तिकडं अठरा, इकडं दोन. इथं कुठली नवी गोळी नव्हती, महागडं यंत्र नव्हतं. हे रुग्ण तातडीच्या विभागातले होते, मनोविकार वॉर्डातले नव्हते, तेव्हा निकाल जसाच्या तसा उचलता येणार नाही, हे खरं. पण दिवसाकाठी रुग्णांची रांग लागणारी आपल्यासारखीच रुग्णालयं त्यात होती. इंग्लंडचं इंग्लंडला शोभतं, असं म्हणून सुटता येत नाही.

डॉक्टर आणायचे कुठून, हा आक्षेप प्रामाणिक आहे. देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा पडत नाही. जे आहेत ते शहरात. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीच्या माणसाला एका भेटीसाठी पूर्ण दिवस आणि एका दिवसाची मजुरी घालवावी लागते. पण ही अडचण माझ्याच बाजूची आहे. तज्ज्ञ कमी आहेत म्हणूनच तो फोन तज्ज्ञानं करायचा नाही. प्रशिक्षित परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक यांच्यापैकी कुणीही करू शकतं. विचारायचं तरी काय असतं? झोप लागते का, गोळ्या मिळाल्या का, त्यानं काही त्रास होतोय का, घरी कोण आहे. आणि स्पष्ट शब्दांत, जगणं नकोसं वाटतंय का. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल, ही भीती घराघरांत आहे. संशोधनात तिला आधार सापडलेला नाही. उलट अनेकांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर पुढं कुणाला कळवायचं, त्या रात्री कुठं आणायचं, हे आधी ठरलेलं हवं. अवघड भाग तो आहे. त्यासाठी जिल्ह्यात चोवीस तास उघडं असलेलं एक दार लागेल आणि ते सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाशिवाय दुसरं कुठं असणार?

टेली-मानस आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि चांगली सोय आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली मानसिक आधाराची ही सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीत मिळते. हा लेख वाचणाऱ्या कुणाच्या मनात आत्ता असे विचार येत असतील, तर त्यानं पुढचा लेख राहू द्यावा आणि आधी तो नंबर लावावा, किंवा शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी. हे विचार कायम टिकत नाहीत, त्यांची लाट ओसरते. पण धोरण म्हणून बघितलं तर हेल्पलाइन फोनची वाट बघते, आणि सगळ्यांत खचलेला माणूस फोन करत नाही.

आता कायद्याचं. २०१७ चा हा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. त्याचं ९८ वं कलम सांगतं, की रुग्णाला घरी सोडताना त्याच्या डॉक्टरांनी रुग्णाशी, त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीशी, घरच्यांशी आणि पुढं उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून पुढच्या उपचारांची आखणी करायची. माझ्या काउंटरवर येणाऱ्या कार्डांत ही आखणी ‘पुन्हा १५ दिवसांनी’ या तीन शब्दांत मावलेली असते. कलम ११५ तर त्याहून थेट आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिच्यावर खटला भरायचा नाही, आणि पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून शासनानं तिला काळजी, उपचार आणि पुनर्वसन पुरवायचं. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून गेलं. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच आता नव्या संहितेत गुन्हा आहे. तरी कॅज्युअल्टीत एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते, हवालदार जबाब घ्यायला येतो आणि घरचे घाबरून सांगतात, ‘चुकून झालं.’ कागदावर एकदा ‘चुकून’ लिहिलं की मनोविकार विभागाकडं पाठवायचं कारणच उरत नाही. शरीर सावरलं की घरी. खटला होणार नाही, हे पोलिसांनी आणि डॉक्टरांनी त्या पहिल्या तासात नातेवाइकांना तोंडानं सांगितलं तर कितीतरी ‘चुकून’ गळून पडतील. पाच देशांतल्या चाचणीतली ती अठरा आणि दोनची गोष्ट नेमकी अशाच रुग्णांची होती, तेव्हा कामाला सुरुवातही इथूनच करावी.

आपल्याकडं मोजणीही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांत सर्वांत जास्त महाराष्ट्रात, २२,७४६. कारणांच्या यादीत आजारपण आहे, कौटुंबिक प्रश्न आहेत, प्रेमप्रकरण आहे. जणू एका मृत्यूला एकच कारण असतं. पण ती व्यक्ती उपचार घेत होती का, शेवटची दवाखान्यात कधी गेली होती, हे त्या अहवालात कळत नाही. पोलिसांच्या पंचनाम्यावर उभ्या राहिलेल्या आकड्यांतून ते कळणारही नाही. ते आरोग्य खात्यालाच विचारावं लागेल.

विरोधाभास असा, की गोळीचा हिशेब आपण चोख ठेवतो. अल्प्राझोलाम या चिंतेवरच्या औषधाची एक पट्टी विकली तरी मला शेड्यूल एच-वनच्या, म्हणजे खास नियंत्रणातल्या औषधांच्या, रजिस्टरात रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक येऊन ते तपासतात. योग्यच आहे. ती पट्टी नेणारा माणूस दुसऱ्यांदा का आला नाही, हे मात्र कुठलंच खातं विचारत नाही.

साठ्याचा प्रश्न अवघड आहे, तिथं मला सरळ उत्तर देता येत नाही. नुकत्याच घरी आलेल्या माणसाजवळ औषधांचा मोठा साठा असू नये, हे तज्ज्ञांचं म्हणणं बरोबर आहे. आठवड्याच्याच गोळ्या द्याव्यात. पण राधानगरीच्या पलीकडून एसटीनं येणारी बाई म्हणते, ‘दादा, तीन महिन्यांच्या द्या, दर आठवड्याला कसं यू?’ तिचंही बरोबर आहे. आठवड्याचा हट्ट धरला तर औषधच बंद पडायची भीती. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावातल्याच मेडिकलमध्ये तीच औषधं आठवड्यानं मिळायची सोय झाली तर दोन्ही साधेल. तोवर पहिले तीन महिने गोळ्या घरातल्या एकाच्या ताब्यात असाव्यात, पण रुग्णाला विश्वासात घेऊन, चोरून लपवून नव्हे. शेतीची औषधंही घरात नकोत. श्रीलंकेनं सगळ्यांत विषारी शेतीऔषधांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास घटलं. जीव द्यायची ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळ टिकते, त्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढं आपलं आयुष्य जगतात.

उरला तो गुप्ततेचा आक्षेप, आणि मला तो सगळ्यांत जड वाटतो. संपर्क ठेवायचा म्हटलं की अधिकाऱ्यांना लगेच आशाताई आठवतात. आधीच त्यांच्या डोक्यावर कामांचा डोंगर, मानधन ते तेवढंच, हे एक. दुसरं म्हणजे आशाताई त्याच गावची, कदाचित त्याच भावकीतली. ती कुणाच्या घरी का जाते याचा गावाला दहा मिनिटांत पत्ता लागतो. ज्या घरात पोरीचं लग्न ठरायचंय ते घर तिला दारातूनच परत पाठवेल, आणि त्यात त्या घराचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. शिवाय चांगल्या हेतूनं सुरू झालेला संपर्क पहारा होऊन बसतो. घरी आधीच मोबाइल तपासला जातो, मोरीची कडी काढून टाकलेली असते, त्यात आता सरकारचा डोळा. अशा माणसाला आपण रुग्ण नाही तर संशयित आहोत, असं वाटायला लागतं.

म्हणून कुणी संपर्क करायचा हे रुग्णानं ठरवावं, आणि घरी जाताना त्याला तसं विचारावं. कुणाला दवाखान्यातल्या सिस्टरांचा फोन चालेल, कुणाला आशाताईच बऱ्या वाटतील, कुणाला फक्त मेसेज. कुणी म्हणेल, माझ्या मामाला फोन करा, वडिलांना नको. तेही लिहून घ्यावं. ज्याला काहीच नको त्याला मोटोसारखं चार ओळींचं पत्र जावं. पत्र आलं म्हणून कुणाच्या दारात गर्दी जमत नाही.

या मागणीसाठी कोल्हापुरात मोर्चा निघणार नाही, हे मला दिसतं. टोल हटवायला हे शहर रस्त्यावर उतरलं, उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी वकिलांनी आणि नागरिकांनी कित्येक दशकं धीर सोडला नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं. तिथं आपलं नाव सांगून पुढं उभं राहता येत होतं. इथं ज्यांच्या घरात हे घडलं ते नाव सांगत नाहीत. त्यामुळं बाकीच्यांनीच विचारायला हवं. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत रस्त्यांच्या किलोमीटरांइतक्याच सहजपणे एक आकडा विचारता येईल. गेल्या तिमाहीत मनोविकार विभागांतून आणि आत्महत्येच्या प्रयत्नानंतर कॅज्युअल्टीतून किती जण घरी गेले, आणि त्यांतल्या किती जणांशी ७२ तासांत कुणी बोललं? सरकारी आणि खासगी, दोन्हींचा. पहिल्या वेळी उत्तर कदाचित शून्य येईल. शून्य असलं तरी ते छापून यावं.

आम्हा औषधविक्रेत्यांचा वाटाही आहे. मानसिक आजाराच्या औषधांच्या प्रत्येक पाकिटावर १४४१६ चा शिक्का मारायला कुठल्या परवानगीची गरज नाही, खर्च शाईपुरता. कार्ड आलं नाही की आम्हाला ते डॉक्टरांच्या आधी कळतं. पण कळून उपयोग नाही, कारण आम्ही कुणाच्या घरी फोन करून ‘तुमच्या मुलाच्या डोक्याच्या गोळ्या संपल्या असतील’ असं सांगू शकत नाही. सांगूही नये. ती त्याची खासगी गोष्ट आहे. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एक जास्तीची ओळ छापली तर हा पेच सुटतो: ‘औषध वेळेवर नेलं नाही तर औषधविक्रेत्यानं दवाखान्याला कळवलेलं चालेल. हो / नाही.’ खाली रुग्णाची सही. आणि शेजारी दवाखान्याचा असा एक नंबर, जो उचलला जातो.